भाषणाला उभं राहताना थरथरणारा मोहन



२ ऑक्टोबरला आपल्या शाळांमध्ये गांधीजींवर जी भाषणं होतात ती तुम्हालाही पाठ झाली असतील. पोरबंदरचा जन्म, विलायतेची बॅरिस्टरी, आफ्रिकेतला रेल्वेचा डबा, दांडी, चरखा, छोडो भारत. मूल पाच मिनिटांत सगळं उरकतं, जय हिंद म्हणतं आणि टाळ्या घेऊन खाली बसतं. गंमत अशी की ज्यांच्यावर हे भाषण असतं, त्यांना स्वतःला त्या वयात, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं, असं उभं राहून चार वाक्यं बोलता येत नव्हती.

आजच्या पाठात गांधीजींचं चरित्र आपण या एकाच धाग्याने पाहू. सगळं चरित्र इथे येणार नाही, ते पुस्तकात आहेच. पण त्यांनी एक गोष्ट अशी केली आहे जी फार थोडे मोठे लोक करतात. आपल्याला कशाची भीती वाटत होती, कुठे वाटली, कोणासमोर वाटली, त्या वेळी अंगाचं काय झालं आणि शेवटी आपल्याला काय जमलं, काय जमलं नाही, हे त्यांनी प्रसंगाप्रसंगाने लिहून ठेवलं. आत्मकथा लिहायचं त्यांनी ठरवलं होतं ते आपल्याच जिल्ह्यातल्या येरवड्याच्या तुरुंगात, १९२२ ते १९२४ या काळात. तिथून ते मुदतीआधी सुटले. पुढे १९२५ पासून ‘नवजीवन’ साप्ताहिकात ती प्रकरणाप्रकरणाने आली. तेव्हा ते पंचावन्न उलटून गेलेले, सगळ्या देशाचे नेते. अशा वेळी माणूस आपल्या धाडसाच्या गोष्टी सांगतो. यांनी आपले पाय कुठे कुठे लटपटले ते सांगितलं. वर्गातल्या घाबरणाऱ्या मुलांसाठी मला हा भाग दांडीयात्रेइतकाच मोलाचा वाटतो.

मोहनदासचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा. वडील संस्थानाचे दिवाण. पोरबंदरहून कुटुंब राजकोटला आलं. अभ्यासात मुलगा मध्यम, वागण्यात सरळ. शाळेची घंटा व्हायच्या वेळी तो बरोबर हजर असायचा आणि शाळा सुटली की थेट घर. तेसुद्धा चालत नाही, पळत! वाटेत कोणी भेटलं तर बोलावं लागेल आणि बोललं तर कोणी चेष्टा करील, ही धास्ती. असं एखादं मूल तुमच्याही वर्गात असेल. आपण त्याला कोणाच्या अध्यात ना मध्यात असं म्हणतो आणि त्याचं कौतुकही करतो. त्याला त्रास नाही म्हणजे आपल्याला त्रास नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो बऱ्याचदा.

त्याच्या दुसऱ्या भीती अगदी आपल्या पोरांसारख्या होत्या. भुतं, चोर आणि साप. रात्री दाराबाहेर पाऊल टाकायची हिंमत नव्हती. अंधारात झोप यायची नाही, कारण एका बाजूने भूत, दुसरीकडून चोर आणि तिसरीकडून साप येतोय असं वाटत राहायचं. म्हणून खोलीत दिवा लागायचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षीच लग्न झालेलं. कस्तुरबा साधारण त्याच्याच वयाच्या, आणि त्यांना यातलं काहीच वाटत नसे. त्या अंधारात बिनधास्त जायच्या. बायकोला आपली भीती सांगायची कशी, याची त्याला लाज. म्हणजे मूळ भीती एक आणि ती उघडी पडेल ही दुसरी. मुलं आपल्याला ‘पोट दुखतंय’ म्हणून सांगतात ना, त्यामागे पुष्कळदा ही दुसरी भीती असते.

घरातली जुनी दाई रंभा, तिने त्याला रामनाम घ्यायला सांगितलं. गांधीजींनी इथे फार प्रामाणिक नोंद केली आहे. उपायापेक्षा रंभेवर त्याचा विश्वास जास्त होता, म्हणून त्याने ते सुरू केलं. त्या वयात ते फार दिवस टिकलं नाही, पण मनात राहिलं. दुसरा उपाय एका मित्राने सुचवला. मांस खाल्लं की माणूस धीट होतो, मी बघ साप हातात धरतो, असं तो सांगायचा. मोहनने घरच्यांपासून लपवून तोही प्रयोग केला आणि त्यातून खोटं बोलण्याचा नवीनच ताप मागे लागला. भीतीवर बाहेरून काहीतरी घ्यायचं आणि एकदम धीट व्हायचं, असे उपाय आजही आपल्या आसपास खूप आहेत. गंडेदोरे आहेत, ‘चार फटके द्या, भीती पळेल’ हेही आहे.

१८८८ साली विलायतेला निघण्यापूर्वी राजकोटच्या हायस्कूलने निरोप दिला. आभाराचे चार शब्द त्याने कागदावर लिहून नेले होते. तेही कसेबसे, अडखळत निघाले. डोकं गरगरत होतं, सगळं अंग कापत होतं. ४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून बोट सुटली. बोटीवर इंग्रजी बोलायची सवय नाही आणि काटे-चमचे कसे धरायचे ते माहीत नाही, म्हणून तो जेवणाच्या टेबलावरच जाईना. बरोबर आणलेली मिठाई आणि फळं खोलीत बसून खायची. सोबतचे मजमुदार नावाचे गृहस्थ सगळ्यांत मिसळायचे. ते सांगून थकले की वकिलाने असं तोंड मिटून चालत नाही.

लंडनमध्ये तो शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर निवडून आला. बैठकीला नियमाने जायचा, पण तोंड उघडायचा नाही. खासगीत त्याच्याशी गप्पा मारणारे डॉ. ओल्डफील्ड यांना कोडंच पडायचं की इथे एवढं छान बोलणारा मुलगा बैठकीत मुका का होतो! पुढे मंडळात एक वाद आला. डॉ. ॲलिन्सन यांची मतं अध्यक्षांना पटत नव्हती, म्हणून त्यांना काढून टाकायचं घाटत होतं. मोहनदासला ती मतं पटत नव्हती तरी माणसाला त्यासाठी काढणं अन्याय वाटत होतं. गप्प बसवेना. त्याने आपलं म्हणणं लिहून काढलं आणि कागद घेऊन बैठकीला गेला. वाचायची मात्र हिंमत झाली नाही. अध्यक्षांनी तो दुसऱ्याकडून वाचून घेतला. ॲलिन्सन हरले. पण हा प्रसंग मी मुलांना आवर्जून सांगते, कारण इथे भीती तेवढीच आहे आणि तरी काम अर्धं झालेलं आहे. तो घरी बसला नाही.

मग व्हेंटनर. तिथे शाकाहाराच्या प्रचाराची सभा होती. कागदावरून वाचलं तर चालतं, अशी त्याने आधीच चौकशी करून ठेवलेली. मजकूर जेमतेम एका फुलस्केप पानाचा. उभा राहिला आणि डोळ्यांपुढे अक्षरं पुसट झाली, अंग थरथरायला लागलं. शेवटी ते पान मजमुदारांनी वाचलं. लंडन सोडण्याच्या आदल्या दिवसांत त्याने होलबोर्न रेस्टॉरंटमध्ये मित्रांना जेवण दिलं. भाषणाची सुरुवात विनोदी किश्शाने करायची असं ठरवून पाठांतर केलं होतं. पहिलं वाक्य बोलला आणि पुढचं सगळं गेलं. आभार मानून खाली बसला. आपल्याकडे ‘अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपर्यंत गाडी जोरात येते आणि मग मूल छताकडे बघायला लागतं, तसंच ते.

यानंतरचा प्रसंग आपल्या मुंबईतला, आणि सगळ्यांत जड. जून १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परत यायला निघाले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ममीबाई नावाच्या बाईंचा दावा पहिलाच मिळाला. दलालाला दस्तुरी द्यायची नाही यावर ते अडून बसले होते, तरीही काम मिळालं. फी ३० रुपये. दावा सोपा, एका दिवसात संपणारा. प्रतिवादीकडून उभं राहून समोरच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची होती. ते उठले. डोकं गरगरलं, जणू कोर्टच फिरायला लागलं, आणि विचारायला एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले. मला हे जमणार नाही, पटेल वकिलांना द्या आणि माझी फी परत घ्या, असं त्यांनी मुखत्याराला सांगितलं. पटेलांनी ५१ रुपये घेतले, त्यांच्यासाठी तो पोरखेळ होता. गांधीजी मात्र पक्षकार जिंकला की हरला हे बघायलाही थांबले नाहीत. त्यानंतर आफ्रिकेला जाईपर्यंत ते कोर्टात उभे राहिलेच नाहीत.

(शिक्षकांसाठी एक आत जाता जाता. याच दिवसांत त्यांनी मुंबईतल्या एका हायस्कुलात इंग्रजीच्या शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. रोज एक तास, पगार ७५ रुपये. पदवीधर नाहीत म्हणून ती नोकरी मिळाली नाही!)

मग ते राजकोटला गेले आणि अर्ज-विनंत्या लिहून द्यायचं काम करू लागले. महिन्याला सरासरी ३०० रुपये मिळायचे. तोंड उघडावं लागत नव्हतं. इथे जरा थांबा. बाहेरून पाहिलं तर सगळं ठीक झालं होतं. कमाई सुरू, अपमान बंद, थरथर बंद. कोणी विचारलं असतं, भीती कशी आहे, तर कमी आहे असंच वाटलं असतं. ती कमी झाली नव्हती, तिच्या वाटेला जाणं बंद झालं होतं. आपण वर्गात नेमकं इथेच फसतो. वाचायला उठवलं की रडणाऱ्या मुलीला उठवणं बंद करतो, रडणं थांबतं आणि आपण म्हणतो की आता ती रुळली.

एप्रिल १८९३ मध्ये ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेला निघाले. पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर डब्यातून बाहेर काढल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती इथे परत सांगत नाही. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. प्रिटोरियाला पोचल्यावर त्यांनी तिथल्या सगळ्या हिंदी लोकांची सभा बोलावली आणि स्वतः बोलले. व्यापारात खरेपणा कसा ठेवायचा, राहणी स्वच्छ का हवी, आपसांतले भेद का सोडायचे, असे विषय. आपल्या आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणून त्यांनी याचीच नोंद केली आहे. सभेनंतर ज्यांना इंग्रजी शिकायचं असेल त्यांना शिकवीन असंही सांगितलं. तिघे तयार झाले, एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार. शिकवायला गांधीजी त्यांच्या कामाच्या जागी जायचे. गिऱ्हाईक असेल तर थांबायचे.

कोर्टात एक प्रश्न न सुचलेला माणूस पुढे इतकं कसं बोलू लागला? मला दिसतं ते असं. विषयाची तयारी पक्की होती. ऐकणारे थोडे आणि आपलेसे होते. आणि प्रिटोरियापर्यंतच्या प्रवासात जे सोसलं होतं, ते सांगितल्याशिवाय चालणार नव्हतं. हा माझा अंदाज आहे, तुम्हाला वेगळं दिसलं तर तेही बरोबर असू शकेल.

आता पुढचं लक्षपूर्वक वाचा. पाठ्यपुस्तकाच्या हिशोबाने इथे गोष्ट संपायला हवी. भित्रा मुलगा होता, धीट झाला, टाळ्या. पण १८९६ साली गांधीजी हिंदुस्थानात आले, तेव्हा मुंबईत सर फिरोजशहा मेहतांनी त्यांची सभा ठरवली. मेहतांनी भाषण आधी लिहून, छापून घ्यायला लावलं. सभागृह गच्च भरलेलं. गांधीजी वाचायला उठले आणि परत तीच थरथर. मेहता मोठ्याने, आणखी मोठ्याने म्हणून धीर देत होते तसतसा आवाज खाली जात होता. त्यांचे जुने स्नेही केशवराव देशपांडे मदतीला धावले आणि कागद हातात घेतला. लोक ‘वाच्छा, वाच्छा’ असं ओरडू लागले. शेवटी दिनशा वाच्छा यांनी भाषण वाचलं, आणि सभा एकदम शांत होऊन ऐकू लागली. म्हणजे तीन वर्षं आफ्रिकेत सभा घेतलेला, नाताळ इंडियन काँग्रेस उभी करणारा माणूस मुंबईत पुन्हा व्हेंटनरच्या पायरीवर!

ही जागा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. भीती ही ताप उतरावा तशी एकसारखी उतरत नाही. ती कोणासमोर, कुठे, किती लोकांत, यावर ठरते. प्रिटोरियातल्या ओळखीच्या व्यापाऱ्यांसमोर कमी, मुंबईच्या अनोळखी बड्या लोकांसमोर पुन्हा जास्त. अशा वेळी घरचे म्हणतात, सगळं पाण्यात गेलं, हा होता तसाच आहे. नोंद ठेवलेली असेल तर कळतं की तसं नाही. ममीबाईच्या दाव्यात खाली बसलेल्या तरुणाने त्यानंतर आफ्रिकेला जाईपर्यंत कोर्टात उभं राहणं टाळलं होतं. मुंबईत थरथरलेला हा माणूस तिथून पुण्याला आला, लोकमान्य टिळकांना भेटला, फर्ग्युसनमध्ये गोखल्यांना भेटला, डॉ. भांडारकरांना सभेच्या अध्यक्षपदासाठी राजी केलं आणि पुढे मद्रासलाही गेला. थरथर तेवढीच होती, पण माघार राहिली नाही. मोजायच्या गोष्टी दोन आहेत, हे इथे कळतं. भीती किती वाटली ही एक. तिच्यापायी काय सोडून दिलं ही दुसरी.

भीती आकड्यात मांडायची रीत पुढे ज्यांनी रूढ केली ते डॉ. जोसेफ वोल्पे जोहान्सबर्गचेच. गांधीजींनी १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिका सोडली आणि वोल्पेंचा जन्म १९१५ चा. फोबिया म्हणजे भयगंड असलेल्या माणसांवर उपचार करताना ते त्यांनाच विचारत, शून्य म्हणजे अगदी शांत आणि शंभर म्हणजे याहून जास्त घाबरणं शक्य नाही, तर आता तुमचा आकडा किती? मग त्या माणसाच्या भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करायची आणि सगळ्यांत खालच्या पायरीपासून सुरुवात करायची. आकडा त्या माणसाचा, डॉक्टरांचा नाही. बाहेरून कोणी ‘यात काय घाबरायचं, हे तर दहासुद्धा नाही’ असं म्हणायचं नाही.

वर्गात मी शंभराऐवजी दहापर्यंतच ठेवते. पहिली-दुसरीच्या मुलांना आकडा नको, त्यांना रिकामी कळशी काढून देते आणि भीतीचं पाणी कुठवर आलं तिथे रेघ मारायला सांगते. पोरं बरोबर मारतात. चौथीच्या मुलांसाठी वहीचं शेवटचं पान. तारीख, काय करायचं होतं, करायच्या आधी किती, करताना सगळ्यांत जास्त किती, संपल्यावर किती, आणि शेवटी केलं की टाळलं. एवढंच. जास्त रकाने केले की पोरं कंटाळतात आणि आपणही. ते पान वर्गात कोणाला दाखवायचं नाही, त्यावर शेरा नाही, चांदणी नाही. आकडा कमी लिहिला म्हणून शाबासकी दिली की पुढच्या आठवड्यात सगळे दोन-तीनच लिहितात!

आणि आकडा मुलाला द्यायचा नसतो, कामाला द्यायचा. ‘मी आठ’ असं नाही. ‘बाकावर बसून शेजारच्या मैत्रिणीला वाचून दाखवणं तीन, जागेवर उभं राहून वर्गाला पाच, परिपाठाला सगळ्या शाळेसमोर नऊ’ असं. मग तीनचं काम आठवड्यात चार-पाच वेळा करायचं, ते दीड-दोनवर आलं की पाचचं. मध्येच पाहुणे आले आणि पाचचं काम आठ झालं, तर घाबरायचं नाही. तारीख टाकून तेही लिहायचं. मुंबईची सभा झाली, असं आम्ही त्याला म्हणतो.

मागे एकदा मी फळ्यावर गांधीजींचे प्रसंग लिहून मुलांना आकडे द्यायला सांगितले. गांधीजींनी स्वतः कधी आकडे दिले नाहीत, हे आधी सांगितलं. ममीबाईच्या दाव्याला सगळ्यांनी दहा दिले. व्हेंटनरला कोणी नऊ, कोणी दहा. ॲलिन्सनच्या कागदावरून मात्र वर्गात भांडण लागलं. निम्मे म्हणाले वाचता आलं नाही म्हणजे टाळलं, निम्मे म्हणाले कागद नेऊन दिला म्हणजे केलं. वर्षभर परिपाठाला न बोललेली एक मुलगी त्या दिवशी जागेवरूनच म्हणाली की केलं, पण अर्धं. शेवटच्या रकान्यात तेव्हापासून ‘केलं’, ‘टाळलं’ याबरोबर ‘अर्धं’ असाही पर्याय आहे.

आमचं कापूरहोळ म्हणजे धाराऊचं गाव. १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना जिने दूध पाजलं ती धाराऊ गाडे इथली. त्यामुळे इथल्या पोरांना सहज ऐकवलं जातं की धाराऊच्या गावची पोरं आणि भित्री? बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ऐकणारं मूल भीती लपवायला शिकतं आणि लपवलेल्या भीतीचा आकडा कुठल्याच वहीत येत नाही. पालकांनो, एवढं एक वाक्य टाळता आलं तर बघा.

वहीचं पान हे औषध नाही, हेही स्पष्ट सांगते. भीती सहा-सहा महिने हटत नसेल, तिच्यापायी शाळा, झोप, जेवण बिघडत असेल, मूल घरी बोलतं पण शाळेत महिनोन् महिने एक शब्द काढत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. सरकारची टेलिमानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. जाताना ते पान बरोबर न्या. कधीपासून आणि किती, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.

आता परत गांधीजींकडे. १९०१ च्या अखेरीस कलकत्त्याला काँग्रेसचं अधिवेशन होतं. दक्षिण आफ्रिकेचा ठराव मांडायला ते उभे राहिले. डोकं गरगरतच होतं. ठराव वाचला, दोन गोष्टी बोलले आणि अध्यक्षांची घंटा वाजली. ती दोन मिनिटं उरल्याची सूचना होती, पण त्यांना वाटलं आपली वेळ संपली. ते खाली बसले. इतर लोक अर्धा अर्धा तास बोलले होते, त्याचं त्यांना वाईटही वाटलं. अध्यक्ष कोण होते सांगा बरं? तेच दिनशा वाच्छा. पाच वर्षांपूर्वी ज्यांना कागद वाचून दाखवावा लागला होता, त्यांच्यासमोर आज ते स्वतः बोलले होते. थोडंच, पण स्वतः.

सापाच्या भीतीचं काय झालं, हे मुलं हमखास विचारतात. १९१० मध्ये जोहान्सबर्गपासून वीसेक मैलांवर टॉल्स्टॉय फार्म सुरू झालं. सुमारे अकराशे एकर जागा, आणि साप भरपूर. त्यांचे मित्र कॅलनबाख यांनी सापांवरची पुस्तकं जमवली, विषारी-बिनविषारी ओळखायला सगळ्यांना शिकवलं आणि एक नाग पिंजऱ्यात ठेवून त्याला स्वतःच्या हाताने खायला घालायला सुरुवात केली. त्यावर गांधीजींनी आपली तपासणी केली ती बघण्यासारखी आहे. आपण त्याला प्रेमाने ठेवलं असलं तरी त्या प्रेमात भीती मिसळलेली आहे, त्याच्याशी खेळायची छाती तुमचीही नाही आणि माझीही नाही, अशा अर्थाचं ते कॅलनबाखना बोलले. एकदा खोलीत अशा जागी साप निघाला की हुसकावता येईना, तेव्हा त्यांनी मारायला परवानगी दिली आणि तेही लिहून ठेवलं. अहिंसेचा एवढा मोठा पुरस्कर्ता, पण वहीत खोटा आकडा नाही. त्याच फार्मवर ते रात्री उघड्या व्हरांड्यात झोपायचे, भोवती मुलामुलींची अंथरुणं. दिव्याशिवाय झोप न येणारा राजकोटचा मुलगा तो हाच.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. १९१६ मध्ये बनारसला राजेरजवाड्यांसमोर ते इतकं स्पष्ट बोलले की मंचावरची मंडळी उठून गेली. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गोवालिया टँकवर हिंदुस्तानीत आणि इंग्रजीत बोलले. ज्या शहरात एक प्रश्न सुचला नव्हता, ते हेच शहर.

आणि तरी आत्मकथेत त्यांनी भीती संपली असं लिहिलेलं नाही. आफ्रिकेत ती पुष्कळ गेली, पूर्ण कधीच गेली नाही, अनोळखी लोकांसमोर अजून संकोच वाटतो, आयत्या वेळी बोलणं जमत नाही आणि टाळता आलं तर भाषण टाळतो, अशी त्यांची स्वतःबद्दलची नोंद आहे. तिच्या जोडीला आणखी एक नोंद आहे. बोलायची धास्ती होती म्हणून शब्द मोजून वापरायची सवय लागली आणि तिचा पुढे फायदा झाला. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एकीने दुसरी झाकलेली नाही.

शेवटच्या महिन्यांत, १९४७-४८ मध्ये, दिल्लीला रोज संध्याकाळी प्रार्थनासभा व्हायची आणि प्रार्थनेनंतर ते लोकांशी बोलायचे. सोमवारी त्यांचं मौन असे. त्या दिवशी ते आपलं म्हणणं कागदावर लिहून देत आणि सभेत ते दुसरं कोणीतरी वाचून दाखवत असे.